मूळ प्रतीशी जुळते

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलेलं, ‘मूळ प्रतीशी जुळते’. त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. शेजारी बसलेला मुलगा सकाळपासून न बघताच त्या चौकोनावर टिचकी मारत होता. नजर पुढच्या रकान्यावर गेलेली, आणि बोट मागे आपलं काम उरकून घेतंय. मी त्याच्या शेजारी वही घेऊन बसले होते. दोन तास नुसतं बघितल्यावर विचारलं, “जुळते म्हणजे कशाशी?”

“मूळ प्रतीशी.”

“पण हे इन्व्हॉइस निर्यातदाराच्या सिस्टिममधून थेट इथे आलंय. कागद कुठे निघालाच नाही. मग मूळ प्रत कोणती?”

तो थांबला. बहुधा पहिल्यांदाच त्याने तो चौकोन नीट पाहिला. मग हसून म्हणाला, “मॅडम, ते असंच असतं.”

‘ते असंच असतं’ हे वाक्य ऐकलं की मी वहीत तारीख टाकते. माझा धंदाच तो आहे. माल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कोण कुणाला कोणता कागद देतो, कशासाठी देतो, त्याला किती वेळ लागतो, हे आधी आहे तसं मांडायचं. त्यातलं काय गाळता येईल, काय एकत्र करता येईल, कशाचा क्रम बदलता येईल ते पाहायचं. आणि हे सगळं झाल्यावर संगणकाकडे वळायचं. निदान पुस्तकी क्रम असा आहे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर आधी विकत घेतलेलं असतं, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, आणि मग कुणाला तरी आठवतं की प्रक्रिया समजावून सांगायला एक माणूस हवा. म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया खणायला बोलावणं.

त्या चौकोनाचा माग काढायला मला बरेच दिवस लागले. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी सांगितलं, आम्हाला दिलेल्या यादीत होतं. यादी करणाऱ्याने सांगितलं, जुन्या फॉर्मवर तिथे शिक्का असायचा, म्हणून घेतलं. शिक्का का असायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. ‘नियमात असेल’ असं सगळे म्हणत होते. नियम चाळले, त्यात नव्हतं. शेवटी निवृत्त झालेले एक काका सापडले. फोनवर त्यांना त्या शिक्क्याबद्दल विचारलं तर ते इतके खूश झाले, की मला वाटलं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते इतकी वर्षं थांबले असावेत.

म्हणाले, “अहो, ते कार्बनचं होतं!”

त्या काळी फॉर्म टाइपरायटरवर सहा प्रतींत निघायचा. वरचा कागद, त्याखाली कार्बन, मग पुन्हा कागद, अशी चळत रोलरमध्ये घालायची. वरच्या तीन प्रती बऱ्या यायच्या. पाचव्या-सहाव्या प्रतीवर तीन आणि आठ यांत फरक कळायचा नाही. एकदा सहाव्या प्रतीवरून कुणीतरी वजन चुकीचं वाचलं, माल अडकला, बरीच बोलाचाली झाली. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला, की खालच्या प्रती वरच्या प्रतीशी ताडून पाहायच्या, पुसट आकडे पेनाने गिरवायचे आणि मागे शिक्का मारायचा: मूळ प्रतीशी जुळते. त्या वेळी उपाय चोख होता. पुढे फोटोकॉपी आली, कार्बन गेला, शिक्का राहिला. मग प्रिंटर आला, प्रत्येक प्रत मूळ प्रतीसारखीच निघू लागली, तरी शिक्का राहिला. आणि कागदच गेला तेव्हा शिक्क्याचा चौकोन झाला. आता तर तो टाळताही येईना, कारण शिक्का मारायला माणूस विसरू शकतो, सॉफ्टवेअर विसरू देत नाही.

डिजिटलायझेशनवरच्या भाषणांत मला नेहमी हा चौकोन आठवतो. कागदाच्या प्रक्रियेत एक दिलदारपणा असतो. एखादी पायरी निरर्थक झाली की माणसं ती हळूहळू गुंडाळतात, घाईच्या वेळी सोडून देतात, एखादा शहाणा अधिकारी तिकडे काणाडोळा करतो. तीच पायरी कोडमध्ये उतरली की सिमेंटमध्ये रोवल्यासारखी घट्ट होते.

प्रक्रिया ‘आहे तशी’ मांडण्याची एक पद्धत आहे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आणि युरोप या दोन आर्थिक आयोगांनी मिळून तिची मार्गदर्शिका काढली. सगळा व्यवहार खरेदी, वाहतूक आणि पैसे चुकते करणं अशा तीन टप्प्यांत बघायचा. प्रत्येक टप्प्यातल्या कामांची आकृती काढायची. पोहण्याच्या तलावात दोऱ्या बांधून जशा पट्ट्या पाडतात तशा पट्ट्या आखायच्या, निर्यातदाराची एक, फॉरवर्डरची, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्याची, एक, कस्टम्सची, शिपिंग लाइनची, बँकेची. काम ज्याचं त्याच्या पट्टीत चौकोन, आणि एका पट्टीतून दुसरीत काही गेलं की बाण. वाचायला सोपं आहे. पण हे चौकोन भरण्यासाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि माणूस आधी नियम सांगतो. “आम्ही अर्ज घेतो, तपासतो, मंजूर करतो.” तीन चौकोन झाले. त्यावर विश्वास ठेवून घरी गेलात तर आकृती सुंदर होते आणि कामाची राहत नाही.

मी शिकलेली युक्ती साधी आहे. मागच्या आठवड्यात निघून गेलेल्या एका खऱ्या कन्साइनमेंटची फाइल मागायची आणि तिच्या शेवटापासून मागे यायचं. “हा कागद तुमच्याकडे आला कसा? कुणी आणला? सोमवारी आला आणि सही बुधवारची आहे, मध्ये काय झालं?” या प्रश्नावर माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो आणि म्हणतो, “त्याचं काय आहे…” खरी प्रक्रिया या तीन शब्दांनंतर सुरू होते. अर्ज अपुरा होता पण परत केला नाही, कारण परत केला की नवा क्रमांक पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पेन्सिलीने टिपण लावून बाजूला ठेवला आणि एजंटला मोबाइलवर सांगितलं. हा पेन्सिलीचा टप्पा कुठल्याही नियमावलीत नाही, आणि पुष्कळदा सगळा व्यवहार त्याच्यावरच तरलेला असतो.

एक मोठी शिपिंग कंपनी २०१४ मध्ये असाच माग काढत गेली होती. पूर्व आफ्रिकेतून युरोपला गेलेल्या रेफ्रिजरेटेड मालाच्या साध्या खेपेला जवळपास ३० माणसांचे आणि संस्थांचे हात लागले होते, आणि त्यांच्यात २०० हून जास्त वेळा देवाणघेवाण झाली होती. हे आकडे नंतर परिषदांमधून इतके फिरले की गुळगुळीत झाले. आमच्या धंद्यात त्यांचं कुणाला आश्चर्य वाटलं नव्हतं. कंपनीने फाइल उघडून ते मोजायचं मनावर घेतलं, याचं मात्र मला आजही अप्रूप आहे.

मोजायचं तर काय मोजायचं, हाही प्रश्न असतो. सुरुवातीला मी कामाला लागणारा वेळ मोजायचे. अर्ज तपासायला बारा मिनिटं, नोंद करायला सात. या आकड्यांवर लोक रागावायचे, कारण त्यांना वाटायचं आपण संथ आहोत असा आरोप होतोय. नंतर लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी घड्याळ लावत होते. पाच दिवस रखडलेली एक फाइल मी पायरीपायरीने उलगडली, तेव्हा तिच्यावर प्रत्यक्ष झालेलं काम जेमतेम दीड तासाचं निघालं. उरलेला सगळा वेळ फाइल कुठे ना कुठे नुसती पडून होती. आकृतीत चौकोन ठळक असतात, बाण बारीक असतात. वेळ मात्र बाणांत जातो.

मालाचा नमुना प्रयोगशाळेत जाणार होता. तपासणी दुसऱ्याच दिवशी व्हायची. तरी चार दिवस का लागतात हे कळेना. शेवटी मी नमुने गोळा करणाऱ्या माणसाबरोबर उभी राहिले. भिंतीला लागून एक निळा प्लॅस्टिकचा क्रेट होता, त्यात मोहोरबंद पिशव्या. मी विचारलं, “हे कधी जातात?” तो म्हणाला, “क्रेट भरला की.” क्रेट पूर्ण भरल्यावरच गाडी पाठवायची, असा पूर्वी कधीतरी खर्च वाचवण्यासाठी ठराव झाला होता. वर्दळीच्या दिवसांत क्रेट रोज भरायचा, मंदीत आठवडाही लागायचा. त्याच सुमारास प्रयोगशाळेचा दाखला इलेक्ट्रॉनिक करण्याचा मोठा प्रकल्प चालू होता. प्रकल्प झाला. दाखला आता एका सेकंदात पोहोचतो. क्रेट भरायला लागायचे तेवढेच दिवस लागतात.

जागतिक सीमाशुल्क संघटनेची एक पद्धत आहे, माल दाखल झाल्यापासून सुटेपर्यंत कुठे किती वेळ गेला हे टप्प्याटप्प्याने मोजण्याची. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला. त्यातही देशांना हा वेळ अधूनमधून मोजून प्रसिद्ध करायला प्रोत्साहन दिलेलं आहे. करारातली कलमं तशी रुक्षच असतात, पण हे मला आवडतं. ‘आमच्याकडे सगळं ऑनलाइन आहे’ या वाक्याला घड्याळाशिवाय दुसरं उत्तर नाही.

आता थोडं कागदाच्या बाजूने बोलते, कारण या क्षेत्रात कागदाला शिव्या देणं फार सोपं झालंय.

समुद्री व्यापाराचा राजा कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. तो एकाच वेळी तीन कामं करतो. माल जहाजावर चढल्याची पावती तो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा तो, आणि मालाच्या हक्काचा दस्तही तोच. ज्याच्या हातात तो कागद, त्याला माल. जहाज समुद्रात असताना माल विकायचा तर हा कागद विकायचा. बँकेकडे तारण ठेवायचा तर हाच कागद ठेवायचा. आणि याच्या अस्सल प्रती सहसा तीन काढतात. एक दाखवून माल सोडवला की बाकीच्या आपोआप रद्द.

तीन का? शिडाच्या जहाजांच्या काळात टपालही जहाजानेच जायचं, जहाजं बुडायची. वेगवेगळ्या मार्गांनी प्रती पाठवल्या तर एक तरी पोहोचेल. ठीक. पण पुढे वाफेची जहाजं आली, तार आली, तरी प्रती तीनच. १८८२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला होता. एकाच मालाच्या बिलाची एक प्रत बँकेकडे तारण होती, आणि गोदीने दुसऱ्या प्रतीवर माल सोडून दिला होता. गोदीचा दोष नाही असं ठरलं, बँक हात चोळत बसली. त्या निकालात लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी अशा अर्थाचं म्हणून ठेवलंय, की व्यापारी आणि जहाजमालक अजूनही हा दस्त प्रतींच्या संचात का काढतात, हे मला कधीच कळू शकलेलं नाही. म्हणजे न्यायाधीशांनी ‘का’ विचारून एकशे चाळीसहून अधिक वर्षं झाली. व्यापाराचं उत्तर आजही तेच: ते असंच असतं.

पण या कागदाची गोम अशी, की शिक्क्यासारखा तो नुसता उचलून फेकता येत नाही. इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंगचे प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहेत. घोडं तंत्रज्ञानाशी अडलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने कागद ‘ताब्यात’ असू शकत होता, फाइल असू शकत नव्हती, कारण फाइलची नक्कल करून दोघेही म्हणू शकतात की ती माझ्याकडे आहे. तेव्हा कायदेतज्ज्ञांनी माझ्या मते फार नमुनेदार विश्लेषण केलं. कागदाचं रूप बाजूला ठेवून तो करतो काय, हे त्यांनी विचारलं. तो एकमेव असतो. तो एका वेळी एकाच्याच हाती असतो. त्यात कुणी फेरफार केला तर कळतं. ही तीन कामं जी इलेक्ट्रॉनिक नोंद विश्वासार्हपणे करेल, तिला कागदाचाच दर्जा द्यावा, असा आदर्श कायदा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये मांडला. ‘ताबा’ या जागी त्यात ‘नियंत्रण’ हा शब्द आला. समुद्री व्यापाराचे किती तरी करार ज्या इंग्लिश कायद्याखाली होतात, त्यात अशा इलेक्ट्रॉनिक दस्ताला कागदाचा दर्जा २० सप्टेंबर २०२३ पासून मिळाला. २०२० मध्ये विमानं थांबली होती, कुरिअर अडकली होती, आणि माल बंदरात येऊन कागदाची वाट बघत होता. त्या अनुभवाने पुष्कळांचे डोळे उघडले असं म्हणतात. असतीलही. पण जहाज कागदाच्या आधी पोहोचणं ही तक्रार त्याहून फार जुनी आहे. तोपर्यंत लोक हमीपत्र लिहून देऊन बिलाशिवाय माल सोडवत होते आणि रात्री झोपतही होते.

शब्दांचाही एक घोळ असतो, आणि मला तो सगळ्यांत रंजक वाटतो. एका बैठकीत आम्ही सगळ्यांसाठी एकच माहितीसाठा करायला बसलो होतो. पहिला रकाना, मालाचं नाव. दुसरा, वजन. “वजन” म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढे सरकलो. चार बैठकांनंतर भांडण पेटलं. विकणाऱ्याच्या डोक्यात निव्वळ मालाचं वजन होतं. पॅकिंग लिस्टवाल्याच्या डोक्यात खोक्यांसकट. जहाजवाल्याला हवं होतं कंटेनरच्या स्वतःच्या वजनासकट सगळं मिळून, प्रमाणित केलेलं, कारण १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. आणि कोपऱ्यात बसलेला हवाई वाहतुकीवाला म्हणाला, आमच्याकडे माल हलका पण फुगीर असला तर आकारमानावरून वजन धरतात. चार माणसं, एक शब्द, चार अर्थ. कागदाच्या जगात हे खपून जायचं. चौघांचे फॉर्म वेगळे असायचे. एक रकाना केला आणि पितळ उघडं पडलं.

हे काम संगणकाच्या आधीही लोकांनी केलेलं आहे, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. साठच्या दशकात युरोपात काही मंडळी सगळ्या व्यापारी कागदांची मांडणी एकसारखी करायच्या मागे लागली. पाठवणाऱ्याचं नाव प्रत्येक फॉर्मवर डाव्या वरच्या कोपऱ्यात, घेणाऱ्याचं त्याच्या खाली, मालाचं वर्णन मध्ये. रकान्यांची मापं टाइपरायटरच्या अक्षरांच्या आणि ओळींच्या अंतरावरून ठरवलेली. म्हणजे एकच मास्टर टाइप करायचा, आणि नको असलेले रकाने झाकून त्यावरून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, विम्याचा कागद, सगळं काढायचं. १९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची ती पहिल्या क्रमांकाची शिफारस झाली. एकदा लिहायचं, पुन्हा लिहायचं नाही! आज ज्याला आपण डेटाचा पुनर्वापर वगैरे भारदस्त नावं देतो, ते या लोकांनी कात्री आणि झाकपट्टी घेऊन केलं होतं.

पुन्हा लिहिलं की काय होतं, हे बघायचं तर कंटेनरचा क्रमांक बघावा. चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी बहुधा चौकटीत एकटाच बसवलेला सातवा आकडा. हा सातवा आकडा मुळात क्रमांकाचा भागच नाही, तो आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून येतो. प्रत्येक चिन्हाला एक किंमत, जागेप्रमाणे तिला एक, दोन, चार, आठ असं दुपटीने गुणायचं, बेरजेला अकराने भागायचं, बाकी उरते तो आकडा. लिहिताना दोन आकडे उलटसुलट झाले की सहसा हा शेवटचा आकडा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. ज्याने हे ठरवलं त्याला माणूस लिहिताना चुकणारच हे मान्य होतं. मी बसले होते त्या ऑफिसात एकाच खेपेचा हा क्रमांक सात ठिकाणी हाताने भरला जात होता, आणि एकाही स्क्रीनवर तो शेवटचा आकडा तपासला जात नव्हता. तपासणी होती ती त्या एका चौकोनाची.

सिंगापूरचं उदाहरण प्रत्येक सादरीकरणात असतं. १ जानेवारी १९८९ ला त्यांची ट्रेडनेट सुरू झाली, एका अर्जात सगळ्या खात्यांच्या परवानग्या, जगातल्या पहिल्या ‘एक खिडकी’ यंत्रणांपैकी एक. दिवसांचं काम मिनिटांवर आलं, हे सगळे सांगतात. त्याच्या आधीचा भाग कुणी सांगत नाही. तिथे आधी व्यापारी, सरकारी खाती, जहाजवाले अशा मंडळींच्या समित्या बसल्या आणि त्यांनी वीसहून जास्त फॉर्म एकमेकांशी ताडून त्यांचा एकच फॉर्म केला. कागदावरच केला. सॉफ्टवेअर त्या एका फॉर्मचं झालं. त्यांनी वीस फॉर्मचे वीस स्क्रीन केले असते तरी उद्घाटन झालंच असतं. असे वीस स्क्रीन मी पाहिलेत, वर ‘एक खिडकी’ अशी पाटी लावून.

तंत्रज्ञान उत्तम असूनही गाडी अडते याचा दाखला ट्रेडलेन्सचा. ब्लॉकचेनवर जहाजी व्यापाराची सगळी माहिती आणणारी ही यंत्रणा २०१८ मध्ये मोठ्या अपेक्षांनी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर झालं. सगळ्या उद्योगाचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही, असं कारण चालवणाऱ्यांनीच दिलं. पट्ट्या आखता येतात, पण पट्टीतल्या माणसाने पाण्यात उतरायचं की नाही हे तोच ठरवतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाईंना सगळं कळतं. म्हणून माझी फजिती सांगते.

एका ठिकाणी माल भरायला ट्रक बोलावण्याची प्रक्रिया मी सुटसुटीत केली होती. आधीच्या आकृतीत एक चौकोन होता, ‘आदल्या संध्याकाळी वाहतूकदाराला फोन’. फोन करणारा कारकून चाळीशीचा, मितभाषी माणूस. मी विचारलं, “फोनवर काय सांगता?” तो म्हणाला, “उद्या गाडी पाठवा, एवढंच.” मग फोन कशाला? सिस्टिम आपोआप संदेश पाठवेल. चौकोन गाळला. ‘हव्या तशा’ आकृतीत तिथे एक सुबक बाण आला आणि मला माझं फार कौतुक वाटलं.

नवी पद्धत सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात फाटकाबाहेर ट्रकची रांग लागली. कागद पूर्ण होण्याआधी गाड्या येऊन उभ्या, ड्रायव्हर वैतागलेले, रिकामा कंटेनर ठेवून घेतल्याचा दंड चढायला लागलेला. मी पुन्हा त्या कारकुनाकडे गेले, या वेळी वही न काढता. हळूहळू त्याने सांगितलं. फोन लावण्याआधी तो कस्टम्सच्या एजंटला विचारायचा, उद्या तपासणीला नेमका कोणता अधिकारी आहे. विशिष्ट मालाची तपासणी करू शकणारे दोघेच होते, आणि ते नसतील त्या दिवशी तो गाडीच बोलवायचा नाही. शिवाय यार्डातल्या ओळखीच्या माणसाला विचारून घ्यायचा की रिकाम्या कंटेनरचं दार नीट लागतंय ना. हे सगळं बघून मग तो म्हणायचा, “उद्या गाडी पाठवा.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही फोनवर काय सांगता, असं विचारलं होतंत. फोनच्या आधी काय करतो, हे नव्हतं विचारलं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. तो चौकोन मी परत आणला, पण वेगळ्या रूपात. तपासणीचं वेळापत्रक सिस्टिममध्ये आलं, रिकाम्या कंटेनरची अवस्था फोटोसकट आली, आणि दोन्ही हिरवं असेल तरच गाडीचा संदेश निघेल असं झालं. आता फोनची गरज राहिली नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, “मॅडम, आता संध्याकाळी मी काय करू?” मी काहीतरी उत्तर दिलं. नवं काम, नवं कौशल्य, अशा ठरावीक गोष्टी. त्याने नम्रपणे ऐकून घेतल्या. त्याची वीस वर्षांची ओळखपाळख मी तीन रकान्यांत बसवली होती, आणि आकृतीत त्यासाठी कोणतंच चिन्ह नाही.

तेव्हापासून मी एक केलंय. कोणतीही पायरी गाळण्याआधी ती करणाऱ्या माणसाला विचारते, “ही तुम्ही उद्या केली नाहीत, तर आधी कुणाचा फोन येईल?” कुणाचाच येणार नसेल तर पायरी कार्बनची. उत्तरात एखादं नाव आलं, की तिथे अजून तासभर बसायचं.

आता त्या पहिल्या चौकोनाचं काय झालं ते सांगून थांबते. मी अहवाल दिला, कार्बनची कथा लिहिली, वरिष्ठांच्या बैठकीत हशा पिकला, सगळ्यांनी एकमताने तो काढायला मान्यता दिली. मग कुणीतरी म्हणालं, एकदम काढू नका, ऑडिटला काय सांगणार? तेव्हा ठरलं की राहू दे, पण सक्तीचा नको. खूण केली नाही तरी पुढचं पान उघडेल.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच ऑफिसात गेले. तोच मुलगा, तीच खुर्ची, बाजूला एक नवी मुलगी शिकायला बसलेली. सहज नोंदी काढून बघितल्या. जवळजवळ प्रत्येक इन्व्हॉइसवर खूण होती.

“आता सक्ती नाही ना?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, “पण उद्या काही झालं, तर मी बघितलं होतं हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काय आहे?”

नवी मुलगी माझ्याकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने त्याला हळूच विचारलं, “पण मूळ प्रत कोणती?”

मी पर्समधून वही काढली.